खेळणे की संगणक? : स्टीम मशीनची किंमत आणि भिलाईचा विद्यार्थी

अमेरिकेतील व्हाल्व्ह या कंपनीने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘स्टीम मशीन’ नावाचे नवे यंत्र जाहीर केले. सुमारे सहा इंच बाजूचा एक काळा ठोकळा. आत एएमडीचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, त्याच कंपनीचा जीपीयू, १६ जीबी मुख्य मेमरी आणि जीपीयूसाठी वेगळी ८ जीबी मेमरी. २०२६ च्या आरंभी ते विक्रीस येईल असे कंपनीने सांगितले. किंमत मात्र सांगितली नाही. तेव्हापासून जगभर तर्क लढवले जात आहेत. कोणी ५०० डॉलर म्हणतो, कोणी १,०००.

वरकरणी ही करमणुकीच्या बाजारातील बातमी आहे आणि विज्ञानाच्या वाचकाने तिच्याकडे वळून पाहण्याचे कारण दिसत नाही. परंतु अशा यंत्राची किंमत तीन गोष्टींतून घडते : सिलिकॉनचे भौतिकशास्त्र, विकणाऱ्याचा व्यवहार आणि घेणाऱ्या देशाची करव्यवस्था. पहिल्या दोन गोष्टींवर भारताचा अधिकार नाही. तिसरी पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपण एक जुना, फारसा विचार न केलेला भेद जपून ठेवला आहे. हे यंत्र भारतात कितीला पडेल, हे अखेर एका साध्या प्रश्नावर ठरेल : सीमाशुल्क खाते त्याला खेळणे म्हणेल की संगणक?

अंदाज बांधायचा तर आधी मोजपट्टी पारखून घ्यावी. एक्सबॉक्स सिरीज एक्स भारतात १० नोव्हेंबर २०२० रोजी ४९,९९० रुपयांना आला. अमेरिकेत तो ४९९ डॉलरचा होता. त्या वेळचा डॉलर सुमारे ७४ रुपयांचा धरला, तर भारतीय किंमत अमेरिकी किमतीच्या १.३५ पट भरते. प्लेस्टेशन ५ हा २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. तेव्हाच्या ७३ रुपयांच्या दराने गुणक १.३७. त्याच्या डिजिटल आवृत्तीचा, म्हणजे ३९९ डॉलर आणि ३९,९९० रुपयांचा, गुणकही १.३७ येतो. एक्सबॉक्स सिरीज एस मात्र २९९ डॉलरचा असून येथे ३४,९९० रुपयांना विकला गेला. त्याचा गुणक १.५८ पर्यंत चढतो. चार निरीक्षणांवरून नियम सिद्ध होत नाही, पण पल्ला समजतो : कन्सोल भारतात अमेरिकी किमतीच्या सव्वा ते दीडपट, क्वचित त्याहून थोडा अधिक पडतो.

या गुणकामागे उघड कारण आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, म्हणजे एकूण २२ टक्के. त्या साऱ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. हा कर डिसेंबर २०१८ च्या परिषदेत २८ टक्क्यांवरून १८ वर आणला गेला. १.२२ ला १.१८ ने गुणले की १.४४ मिळतात. अमेरिकेतील छापील किमतीत तेथील विक्रीकर नसतो, तर आपल्याकडील किमतीत सारे कर धरलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रत्यक्षातले गुणक या आकड्याच्या दोन्ही अंगांना का विखुरले आहेत ते उमगते.

आता दुसरी गोष्ट, विकणाऱ्याच्या व्यवहाराची. कन्सोलची किंमत परंपरेने त्याच्या निर्मितीखर्चावर ठरत नाही. यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोट्यात, विकायचे आणि पुढे प्रत्येक खेळाच्या विक्रीतील वाटा घेऊन तो तोटा भरून काढायचा, अशी या धंद्याची रीत आहे. २००६ साली सोनीने प्लेस्टेशन ३ बाजारात आणला तेव्हा तो ४९९ आणि ५९९ डॉलरला विकला जात होता, आणि त्यातील सुट्या भागांचाच खर्च त्याहून बराच अधिक असल्याचे अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाले होते. गिऱ्हाईक खेळ विकत घेईल, या भरवशावर हा तोटा सोसला जात होता.

तो भरवसा कसा कोसळू शकतो, हे दाखवून दिले ते वैज्ञानिकांनी. प्लेस्टेशन ३ वर आरंभी लिनक्स बसवता येत असे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतील भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ च्या सुमारास असे काही कन्सोल एकमेकांना जोडले आणि कृष्णविवरांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींची गणिते त्यांवर सोडवली. महासंगणकावर वेळ मिळवण्यासाठी जो पैसा लागला असता, त्याच्या अल्पांशात ते काम झाले. २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे सतराशे प्लेस्टेशन ३ जोडून ‘काँडोर’ नावाचा संगणक-समूह उभारला. या यंत्रांसाठी कोणी एकही खेळ विकत घेणार नव्हते, म्हणजे सोनीच्या हिशेबात प्रत्येक यंत्र निव्वळ तोट्याचे. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षेचे कारण देत नव्या अद्ययावतीकरणातून लिनक्स बसवण्याची सोय काढून टाकली. ज्यांनी यंत्र पूर्ण किंमत देऊन घेतले होते, त्यांच्याही हातून ती गेली.

या प्रसंगातून किमतीचा एक नियम मिळतो. स्वस्त कन्सोल स्वस्त असतो कारण तो कुलूपबंद असतो. कुलूप काढले की सवलत देणाऱ्याला ती परत मिळण्याची हमी उरत नाही. स्टीम मशीनवर लिनक्सवर आधारलेली प्रणाली आहे आणि मालकाला हवी ती दुसरी प्रणाली, हवी ती आज्ञावली त्यावर चढवता येईल, असे व्हाल्व्हने सांगितले आहे. ही मोकळीक असताना कंपनीने ते तोट्यात विकले, तर कार्यालये आणि प्रयोगशाळा ते घाऊक प्रमाणात उचलतील आणि एकही खेळ घेणार नाहीत. म्हणून तशाच ताकदीच्या घरगुती संगणकाच्या आसपास किंमत राहील, या कंपनीच्या संकेतावर विश्वास ठेवायला हवा. ५०० डॉलरची आशा धरणारे कन्सोलचा नियम अशा वस्तूला लावत आहेत, जी त्या नियमात बसत नाही.

तिसरा दाब येतो मेमरीचा, आणि तेथे भौतिकशास्त्र थेट किमतीत उतरते. डीरॅमच्या प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र असते. माहितीचा एक बिट म्हणजे त्या धारित्रातील विद्युतभार. हा भार गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. ट्रान्झिस्टर लहान करत नेता येतो; धारित्र मात्र एका मर्यादेखाली नेले, तर त्यातील भार वाचण्याइतका उरत नाही. म्हणूनच मेमरी दरवर्षी भराभर स्वस्त होण्याचे दिवस मागे पडले आहेत. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणारी थरांवर थर रचलेली एचबीएम मेमरी तेवढ्याच बिटांसाठी नेहमीच्या मेमरीच्या साधारण तिप्पट सिलिकॉन खाते. जगात ही मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींनीही आपला कल त्या बाजूला झुकवल्यामुळे घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीपलीकडे गेले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रूशल’ या नावाने चालणारी सामान्य ग्राहकांसाठीची विक्री बंद करण्याचे जाहीर केले.

कन्सोलच्या किमतीचा जुना आलेख आता उलटा झाला आहे, त्याचे एक कारण हेही आहे. प्लेस्टेशन २ हा २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. प्लेस्टेशन ५ ला पाच वर्षे होत आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची अमेरिकी किंमत ५० डॉलरने वाढली. भारतात तो ४९,९९० वरून नोव्हेंबर २०२२ मध्येच ५४,९९० वर गेला होता. ‘थोडे थांबू, स्वस्त होईल’ हा मध्यमवर्गीय शहाणपणा या वस्तूंच्या बाबतीत आज उपयोगी पडत नाही.

हे सारे जमेस धरून एक आकडा मांडून पाहता येतो. अमेरिकी किंमत ७५० डॉलर समजू. हे गृहीतक आहे, बातमी नव्हे. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ६७,५०० रुपये होतात. यंत्र ‘कन्सोल’ ठरले, तर १.४४ च्या गुणकाने किंमत सुमारे ९७,२०० रुपये. यंत्र ‘संगणक’ ठरले, तर मूळ सीमाशुल्क शून्य, कारण माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ पासून सहभागी आहे. मग केवळ १८ टक्के कर लागून किंमत सुमारे ७९,७०० रुपये. तोच ठोकळा, त्याच चकत्या, तेवढीच वीज. नावापोटी साडेसतरा हजारांचा फरक.

हा वाद काल्पनिक नाही. प्लेस्टेशन २ युरोपात उतरवताना सोनीने त्यासोबत बेसिक भाषेतील आज्ञावली लिहिण्याची सोय दिली आणि हे यंत्र संगणक आहे, असा दावा सीमाशुल्कासाठी केला. युरोपीय आयोगाने २००१ मध्ये त्याला व्हिडिओ गेम ठरवले. सोनी न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये आयोगाचा तो नियम रद्द झाला. तेथे फरक काही टक्क्यांचा होता. येथे तो बावीस टक्क्यांचा आहे, आणि स्टीम मशीनचा संगणक असण्याचा दावा प्लेस्टेशन २ पेक्षा कितीतरी भक्कम आहे.

संगणकाचे नाव मिळाल्याने सगळे सुरळीत होईल, असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर आणि अतिलहान आकाराच्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध आणले आणि पुढे त्यासाठी ऑनलाइन परवानगीची व्यवस्था केली. सहा इंचांचा ठोकळा संगणक ठरला, तर तो याच अतिलहान गटात मोडण्याची शक्यता अधिक. म्हणजे एका दाराशी शुल्क, दुसऱ्या दाराशी परवाना. शिवाय व्हाल्व्हने आपला हातातला संगणक स्टीम डेक, जो २०२२ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरपासून विकला जाऊ लागला, भारतात अधिकृतपणे आजवर आणलेलाच नाही, आणि नव्या यंत्राच्या पहिल्या विक्रीयादीतही भारत नाही. येथे ते आलेच, तर खासगी आयातदारांच्या मार्फत, हमीपत्राविना आणि त्यांचा नफा चढवून येईल. भारतीय ग्राहकाला प्रत्यक्षात मोजावी लागणारी रक्कम लाखाला टेकेल, हा अंदाज या परिस्थितीत धाडसाचा नाही.

किंमत ही केवळ खर्चाची बेरीज नसून धोरणाचीही आकृती असते, हे भिलाईला कोणी शिकवावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिज जवळ, कोळसा फार दूर नाही, हा या भूभागाचा निसर्गदत्त लाभ. पण त्याच दशकात केंद्राने वाहतूकखर्चाच्या समानीकरणाचे धोरण आणले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत पोलाद देशभर जवळपास एकाच भावाने मिळत राहिले. भट्टीच्या दाराशी असलेल्या उद्योजकाला तेच पोलाद शेकडो कोस दूरच्या उद्योजकापेक्षा स्वस्त मिळाले नाही, आणि पोलादावर आधारलेले अनेक कारखाने किनाऱ्याकडील प्रांतांत उभे राहिले. दोष पोलादाचा नव्हता. किमतीच्या सूत्राचा होता. त्या सूत्राचा परिणाम मात्र दोन पिढ्यांनी भोगला.

आजची भिलाई पोलादाइतकीच विद्यार्थ्यांचीही आहे. आयआयटी भिलाई २०१६ मध्ये सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील तिचा कायमचा परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. राज्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि विदर्भातून कारखान्यात आलेल्या मराठी कुटुंबांची नातवंडे येथील महाविद्यालयांत शिकत आहेत. यांतील ज्याला यंत्रशिक्षण, द्रवगतिकी किंवा रेणूंची सादृश्ये करून पाहायची आहेत, त्याला जीपीयू हवा असतो. आयआयटीच्या प्रयोगशाळेत तो मिळू शकेल. सुपेल्यातील भाड्याच्या खोलीत राहून साध्या महाविद्यालयात जाणाऱ्याला तो कुठून मिळणार?

स्टीम मशीनच्या जीपीयूमध्ये २८ गणनाघटक आहेत, प्रत्येकात ६४ गणनमार्ग, आणि घड्याळ २.४५ गिगाहर्ट्झचे. प्रत्येक ठोक्याला दोन क्रिया धरल्या, तर एकेरी अचूकतेत सेकंदाला जवळपास पावणेनऊ लाख कोटी क्रिया होतात. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम पद्म या महासंगणकाची कमाल क्षमता सुमारे एक लाख कोटी होती. ही तुलना जपून करावी लागते. परमचा आकडा दुहेरी अचूकतेचा आहे, आणि त्या परीक्षेत घरगुती जीपीयू फार मागे पडतो. शिवाय ८ जीबी मेमरीत मोठी प्रारूपे मावत नाहीत. तरीही शिकण्यासाठी, करून पाहण्यासाठी, चुकण्यासाठी ही ताकद मोठी आहे. विसावे शतक संपताना ती देशातील कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यात नव्हती.

यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की सरकार गणनशक्ती देतच आहे. ते खरे आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील परम रुद्र महासंगणक देशाला अर्पण झाले. इंडिया-एआय अभियानातून जीपीयू तासाला ६५ रुपयांच्या आसपास सवलतीने मिळतात, आणि ते या खेळयंत्राहून अनेक पटींनी समर्थ आहेत. मोठ्या कामासाठी तोच मार्ग योग्य. पण शिकण्याची रीत वेगळी असते. नवखा विद्यार्थी आज्ञावली लिहितो, ती अडते, तो रात्रभर दोष शोधतो, पुन्हा चालवतो. मीटर चालू असताना माणूस जपून चुकतो, आणि जपून चुकणारा सावकाश शिकतो. ७९,७०० रुपयांत भाड्याचे सुमारे १,२२५ तास मिळतात. रोज तीन तास धरले, तर जेमतेम साडेतेरा महिने. विकत घेतलेले यंत्र पदवीची चारही वर्षे टेबलावर राहते. दोन्ही मार्ग एकमेकांना पूरक आहेत.

दुसरा आक्षेप स्वदेशी उत्पादनाचा : शुल्क उतरवले, तर येथे कोणी यंत्र बनवणार नाही. शुल्क २०१८ पासून चढे आहे, आणि तिन्ही मोठ्या कंपन्यांचे कन्सोल आजही बाहेरूनच येतात. यंत्राचा खर्च ज्या भागांत आहे, त्या प्रोसेसरच्या आणि मेमरीच्या चकत्या येथे कोरल्या जात नाहीत. जून २०२३ मध्ये जाहीर झालेला मायक्रॉनचा साणंद येथील प्रकल्पही जुळणी आणि चाचणीचा आहे, चकत्या घडवण्याचा नाही. ज्या उद्योगाचे रक्षण करायचे तो अस्तित्वात नसताना शुल्क केवळ ग्राहकावर पडते.

तिसरा आक्षेप पालकांचा : यंत्र अभ्यासाच्या नावाने घरात येईल आणि त्यावर खेळच चालतील. चालतील, हे मान्यच करावे. पण शून्य शुल्काने आलेल्या लॅपटॉपवरही खेळ चालतात, आणि त्यासाठी कोणी लॅपटॉपला खेळणे म्हणत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात पैशाच्या खेळांना मनाई करताना ई-क्रीडा आणि शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. देशाचा एक कायदा खेळाखेळांत भेद करण्याइतका डोळस झाला असताना सीमाशुल्काच्या कोष्टकाने यंत्रायंत्रांतला भेद नाकारावा, हे विसंगत आहे.

यंत्राच्या भवितव्याविषयीही एक शब्द. व्हाल्व्हने याच नावाची यंत्रे २०१५ मध्ये इतर कंपन्यांमार्फत आणली होती आणि ती फसली, कारण लिनक्सवर चालणारे खेळ थोडे होते. २०१८ पासून प्रोटॉन ही आज्ञावली विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ लिनक्सवर चालवू लागली आणि ती अडचण बरीच दूर झाली. त्यामुळे या वेळी यंत्र अमेरिकेत आणि युरोपात तग धरेल असे दिसते. प्लेस्टेशनला ते विक्रीत मागे टाकणार नाही, कारण सवलतीची किंमत त्याच्याकडे नाही. भारतात ते हौशी मंडळींच्या घरापलीकडे जाणार नाही. या विधानांची पारख येत्या काही महिन्यांत होईलच.

पारख करताना वाचकांनी डॉलरमधील आकड्यापेक्षा एका वेगळ्या गोष्टीवर लक्ष ठेवावे. यंत्राला उघडी प्रणाली असेल, मालकाला त्यावर स्वतःची आज्ञावली चालवता येत असेल आणि ती सोय पुढे काढून घेतली जाणार नसेल, तर ते संगणक आहे, त्याच्या पेटीवर काहीही छापलेले असो. ही कसोटी कोष्टकात लिहिता येण्याइतकी स्पष्ट आहे. तिच्यासाठी नवे अभियान लागत नाही, अनुदान लागत नाही. अर्थमंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला अर्थसंकल्प मांडला जातो, आणि त्याआधी सूचना मागवल्या जातात. आयआयटी भिलाईने, विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही सूचना पाठवायला हवी.